पूल बंद असतो, घर चालूच असतं

काशिमीरा, मीरा रोड, भाईंदर, उत्तन, घोडबंदर, आणि खाडीपलीकडे नायगाव-वसईला ऐकणाऱ्या सगळ्या ताया, मावश्या आणि काकूंना आमच्या बचत गटांकडून नमस्कार. आज आपण पुलाविषयी बोलणार आहोत. पूल कसा बांधतात ते इंजिनिअर सांगतील. पूल दुरुस्तीसाठी बंद झाला की कामावर जाणाऱ्या बाईने काय करायचं आणि तिच्या गटाने तिच्यासाठी काय करायचं, ते आपण बोलू.

आधी आपलं शहर डोळ्यासमोर आणा. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, दक्षिणेला दहिसर. एवढी लाखो माणसं इथे राहतात, पण बाहेर पडायची दारं बोटांवर मोजण्याइतकी. एक रेल्वे. दुसरं दहिसर चेकनाका. तिसरं गायमुख घाटातून ठाण्याला जाणारा घोडबंदर रस्ता. आणि चौथा आपला वरसावे पूल, ज्याला बातम्यांत वर्सोवा पूल म्हणतात आणि ऐकणाऱ्याला अंधेरीचं वर्सोवा आठवतं. फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर-वसई रो-रो बोट सुरू झाली, ती पाचवी खिडकी म्हणा. यातलं एक दार बंद झालं की उरलेल्या दारांवर रेटा येतो. म्हणून वरसाव्याला पूल अडला की ठाण्याला जाणारी बाईही अडकते, जरी तिला पूल ओलांडायचाच नसतो. फाउंटन हॉटेलपाशी दोन्ही रस्ते एकत्र येतात ना, तिथेच गाठ बसते.

आपल्याला हे नवीन नाही. २०१३ च्या शेवटी वरसाव्याच्या जुन्या पुलाच्या गर्डरला तडा गेला आणि पुढे कितीतरी महिने जड वाहनं बंद राहिली. २०१६ च्या ऑगस्टमध्ये महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल रात्रीच्या पुरात वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्या त्यात गेल्या. त्यानंतर काही आठवड्यांतच आपल्या पुलाचं दुखणं पुन्हा वर आलं आणि पुन्हा जड वाहनं थांबवली. जानेवारी २०१८ मध्ये नव्या पुलाचं भूमिपूजन झालं. तो मार्च २०२३ मध्ये एका बाजूने आणि मे २०२३ मध्ये दुसऱ्या बाजूने सुरू झाला. म्हणजे पहिल्या तड्यापासून नव्या पुलापर्यंत नऊ वर्षांहून जास्त काळ गेला. एवढ्यात पहिलीतलं पोर दहावीला पोचतं.

पूल का बंद करावा लागतो, हेही समजून घ्यायला हवं, नाहीतर आपण नुसते चरफडत राहतो. असल्या पुलाच्या काँक्रीटच्या तुळईत पोलादी तारा ताणून बसवलेल्या असतात. कपडे वाळत घालायची दोरी ताणलेली असली तर ओल्या गोधडीचं वजन पेलते, सैल पडली की जमिनीला टेकते, तसंच काहीसं. खाडीची खारी हवा आणि ओल आत शिरून तारा गंजल्या, वरून रात्रंदिवस कंटेनर गेले, की तुळई वाकायला लागते, चीर पडते. गुजरातकडून उरणच्या बंदराकडे जाणारा माल याच रस्त्याने येतो. म्हणून आधी जड गाड्या थांबवतात आणि चिंचोटी-कामण-अंजूरफाट्याने भिवंडीकडे वळवतात. हे योग्यच आहे. सावित्रीवर जे झालं ते आपल्या खाडीवर व्हावं असं कुणाला वाटेल? दुरुस्ती व्हायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही.

प्रश्न आहे तो दुरुस्तीचा भार कुणाच्या पाठीवर पडतो याचा.

आमच्या गटांतल्या कितीतरी जणी काशिमीऱ्याहून पलीकडे वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या गाळ्यांत कामाला जातात. कुणी पॅकिंगला, कुणी शिलाईला, कुणी इमिटेशनच्या कामाला. पूल मोकळा असताना नाक्यावरून गाडी मिळाली की काम झालं. पूल अडला की गेट बंद व्हायच्या आत पोचणं मुश्कील. पंधरा मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस कापणारे मालक आहेत, महिन्यात तीनदा उशीर झाला तर ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणणारेही आहेत. संध्याकाळी उलटं. पाळणाघराची बाई सातनंतर मूल ठेवत नाही. सासूबाई चिडतात. नवरा घरी आधी पोचला तरी कुकर लावायचा असतो तो हिनेच. पुरुष अडकला तर ‘बिचारा ट्रॅफिकमध्ये आहे’, बाई अडकली तर ‘कुठे होतीस एवढा वेळ?’ मैत्रिणींनो, हसू नका, तुमच्याही घरात ऐकलं असेल.

२०१६ च्या त्या दिवसांत एका गटाच्या बैठकीत मोठाच वाद झाला. तिघी जणींनी सांगितलं, रोजी कापली जातेय, येण्याजाण्याचा खर्च वाढलाय, या महिन्यात कर्जाचा हप्ता जमणार नाही. एक जुनी सभासद मावशी म्हणाली, “नियम तो नियम. आज पूल आहे, उद्या पाऊस असेल, परवा पोराची परीक्षा. हप्ता सोडला की गट मोडला.” दुसरी म्हणाली, “मावशी, गट अडचणीसाठीच काढला ना? मग अडचणीत तो कुठे गेला?” दोघींचं म्हणणं खरं होतं. बँकेचा हप्ता चुकला असता तर सगळ्या गटाचं खातं खराब झालं असतं, पुढचं कर्ज अडलं असतं. आणि तिघींवर जोर केला असता तर त्या सावकाराकडे गेल्या असत्या.

शेवटी ठरलं ते असं. बँकेचा हप्ता गटाच्या आतल्या निधीतून वेळेवर भरायचा. त्या तिघींनी तीन महिने गटाला फक्त व्याज द्यायचं, मुद्दल नंतर. पण दर महिन्याची बचत मात्र कुणी सोडायची नाही, मग ती कमी का असेना. आणि हे सगळं ठरावाच्या वहीत सह्यांसकट लिहायचं, म्हणजे कुणाच्या मनात ‘तिला सवलत, मला नाही’ राहू नये. मावशीने सगळ्यात शेवटी सही केली, पण केली. तिघींनीही पुढे मुद्दल पूर्ण फेडलं. गट आजही चालू आहे.

त्या अनुभवातून आम्ही एक पद्धत बसवली. आपण सगळ्या बचत गटाची पंचसूत्री जाणतो: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नोंदी. तीच पूल बंद असतानाही कामाला येते.

पहिली बैठक. वाहतूक बंदची सूचना निघाली की त्याच आठवड्यात एकत्र बसायचं. कोण कुठे जाते, किती वाजता, परत कधी येते, हे कागदावर मांडायचं. मग दिसतं की एकाच दिशेला जाणाऱ्या चौघी-पाचजणी आहेत. त्यांनी मिळून रिक्षा ठरवली तर खर्च वाटला जातो आणि पहाटे एकटीने अंधारात उभं राहावं लागत नाही. संध्याकाळची नेहमीची बैठक रविवारी दुपारी घ्यायची आणि उशिरा येण्याचा दंड तेवढ्या काळापुरता बंद ठेवायचा.

दुसरी गोष्ट, वाट बदलायची. वसईकडे जाणाऱ्यांना रेल्वेची वाट आहे: मीरा रोडहून भाईंदर, नायगाव, वसई रोड. सकाळी विरारकडे जाणाऱ्या गाडीत चर्चगेटच्या गाडीसारखी चेंगराचेंगरी नसते, आणि संध्याकाळी परतीची गाडीही गर्दीच्या उलट दिशेची. त्रास गाडीत नसतो, तो दोन्ही टोकांना असतो. काशिमीऱ्याहून स्टेशनला यायचं, पलीकडे वसई रोडहून शेअर रिक्षाने गाळ्यापर्यंत जायचं. म्हणून हिशोब करताना तिन्ही टप्प्यांचे पैसे आणि वेळ धरा. दुरुस्ती लांबणार असेल तर महिन्याऐवजी तीन महिन्यांचा पास काढा, स्वस्त पडतो. एसटीने जाणार असाल तर मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट आहे, ते विसरू नका. ठाण्याला जाणाऱ्यांची वाट मात्र अवघड आहे. दादरला गाडी बदलून जाणं ठाणे स्टेशनजवळ काम असेल तरच परवडतं. घोडबंदर रस्त्यावरच्या सोसायट्यांत घरकाम करणाऱ्या बायकांनी कामाच्या वेळा सरकवून घेणं हाच उपाय. एकेकटीने मागितलं तर मॅडम ऐकत नाहीत. एकाच सोसायटीत जाणाऱ्या सहाजणींनी मिळून सांगितलं तर ऐकतात.

तिसरी, प्रवासासाठी छोटं कर्ज. आम्ही त्याला ‘वाटखर्ची’ म्हणतो. रक्कम लहान, परतफेड दोन-तीन हप्त्यांत, मंजुरीला पुढच्या बैठकीची वाट बघायची नाही. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांनी सही केली की पैसे हातात. पास काढायला शेजारणीपुढे हात पसरावा लागत नाही.

चौथी, मुलं. ज्या सभासद घरीच पापड, शिवण, डबे करतात, त्यांनी बाहेर जाणाऱ्यांची मुलं संध्याकाळी साडेआठपर्यंत सांभाळायची. फुकट नाही, त्याचेही पैसे ठरवायचे. घरात बसलेल्या बाईच्या वेळेलाही किंमत असते, हे आपणच नाही मानलं तर कोण मानणार? आणि त्या मुलांच्या शाळेत, मूल घ्यायला कोण येईल याचं नाव आधीच लेखी द्यायचं.

पाचवी, नोंदी. ही सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात कामाची. कोणत्या तारखेला किती वाजता घर सोडलं, किती वाजता पोचलं, किती रोजी कापली, जादा खर्च किती, एवढं चार रकान्यांत लिहायचं. मालकाशी बोलताना ही वही पुढे ठेवली की ‘तू रोजच उशिरा येतेस’ म्हणता येत नाही. आणि वाहतुकीची सूचना मोबाईलवर जपून ठेवा, तीच तुमच्या बाजूचा कागद.

अजून एक माहिती, जी बऱ्याच जणींना नसते. ज्यांच्या पगारातून ईएसआयची कपात होते, त्यांना घर ते काम या वाटेवर अपघात झाला तरी तो कामावरचा अपघात धरता येतो. २०१० साली कायद्यात तशी दुरुस्ती झाली. मात्र वाट, वेळ आणि कामाचा संबंध दिसावा लागतो. म्हणून पूल बंद असताना तुम्ही वेगळ्या वाटेने जात असाल तर ते कामावर लेखी कळवा, निदान मेसेज करून ठेवा.

घरात दिवस भरत आलेली सून-लेक असेल किंवा डायलिसिसचा पेशंट असेल, तर ठाण्याच्या दवाखान्यावर अवलंबून राहू नका. खाडीच्या आणि घाटाच्या अलीकडे, आपल्याच बाजूला सोय कुठे आहे ते आधी विचारून ठेवा. १०८ चा नंबर घरातल्या लहानांनाही पाठ हवा. रुग्णवाहिकेला बंदीतून सूट असते, पण कोंडीत अडकलेल्या गाड्यांवरून ती उडून येऊ शकत नाही.

आता मागण्यांचं. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला आणि त्याची पहिली बाजू उघडली फेब्रुवारी २०२४ मध्ये. आपल्यातल्या कितीजणी अंधेरीला कामाला जातात, त्यांनी ते पंधरा महिने काढले आहेत. पूल बंद करताना सूचना निघते, तिच्यात ट्रकने कुठून जायचं ते नीट लिहिलेलं असतं. पायी, बसने, रिक्षाने जाणाऱ्या बाईने कुठून जायचं, ते क्वचितच असतं. म्हणून आमच्या वस्तीतल्या गटांनी मिळून साधं पत्र तयार केलं आहे. पुलाचं किंवा घाटाचं काम निघालं की किमान पंधरा दिवस आधी वस्त्यांमध्ये कळवा. काशिमीरा ते मीरा रोड स्टेशन सकाळ-संध्याकाळ जादा बस सोडा. वरसावे नाक्यावर थांबण्याच्या जागी दिवा, शेड आणि बायकांसाठी स्वच्छतागृह ठेवा. दोन-दोन तास कोंडीत बसलेल्या बाईला पाणी प्यायची भीती वाटते, हे साहेबांना कुणीतरी सांगायला हवं ना?

हे पत्र तुमच्या गटालाही वापरता येईल. तुमच्या वहीतले आकडे जोडा, दहा-पंधरा सह्या घ्या, पालिकेच्या प्रभाग कार्यालयात आणि वाहतूक पोलिसांकडे द्या, पोच घ्यायला विसरू नका. पोच नसलेलं पत्र म्हणजे न दिलेलं पत्र.

गायमुख घाटाची दुरुस्ती वरचेवर निघते. नवा पूलही कधीतरी जुना होईल. तेव्हा येत्या बैठकीत एक काम करा: कोण कुठे जाते तो कागद आजच करून ठेवा. गटाच्या वहीत घडी घालून ठेवायला त्याला जागा लागत नाही, आणि लागेल तेव्हा शोधत बसावं लागत नाही.

तुमच्या गटाने काही वेगळी युक्ती काढली असेल तर आम्हाला जरूर कळवा, पुढच्या वेळी इथूनच सगळ्यांना सांगू. सांभाळून जा, सांभाळून या. नमस्कार.