उत्तर किती चुकेल?



रसायनशास्त्रज्ञ म्हटलं की परीक्षानळी हातात घेतलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. जॉन पोपल मात्र गणित शिकलेले. १९५१ साली केंब्रिजला डॉक्टरेट झाले आणि १९९८ साली त्यांना नोबेल मिळालं ते रसायनशास्त्राचं, वॉल्टर कोन यांच्याबरोबर.

मूळ अडचण आधी सांगतो. इलेक्ट्रॉन कसे वागतात याचं समीकरण श्रोडिंगरनं १९२६ सालीच मांडलं होतं. पण एकाहून अधिक इलेक्ट्रॉन आले की ते तंतोतंत सुटत नाही, कारण प्रत्येक जण बाकीच्यांना दूर ढकलत असतो. मग अंदाजी उत्तरांवर भागवावं लागतं. फ्रँक बॉइज यांनी १९५० साली सुचवलं, की इलेक्ट्रॉनची कक्षा गाउसच्या घंटाकृती वक्रांची बेरीज करून लिहावी. आकडेमोड पुष्कळ सोपी होते. पोपलनी पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात हीच वाट धरली, आणि १९७० साली त्यांच्या गटाची 'गाउसियन ७०' ही आज्ञावली इतरांच्या हाती पडली.

आज्ञावल्या इतरांनीही लिहिल्या. पोपलनी या विषयाला शिस्त लावली. पद्धत एकदा ठरली की प्रत्येक रेणूला ती तशीच लावायची; उत्तर प्रयोगाशी जुळावं म्हणून मध्येच फेरफार करायचा नाही. मग प्रयोगातल्या आकड्यांशी ताडून पाहायचं. पाण्याचंच घ्या. प्रत्येक इलेक्ट्रॉनवर बाकीच्यांचा फक्त सरासरी परिणाम धरणाऱ्या हार्ट्री-फॉक पद्धतीच्या एका प्रचलित रूपात त्याच्या दोन बंधांमधला कोन १०५.५ अंश येतो. प्रत्यक्षात आहे १०४.५. १९९१ च्या 'जी-२' पद्धतीत १२५ ऊर्जा अशा तपासल्या; सरासरी फरक निघाला मोलमागे सुमारे १.२ किलोकॅलरी. त्यामुळे कुणी न मोजलेला रेणू समोर आला, तरी उत्तरावर किती विसंबावं हे आधी सांगता येऊ लागलं.

याच शिस्तीची एक शाखा आपल्या पुण्यातली. रेणू दुप्पट झाला की हार्ट्री-फॉकचं काम ढोबळमानानं सोळापट होतं. पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली यावर तोड मांडली: मोठा रेणू एकमेकांवर चढणाऱ्या तुकड्यांत बेतायचा, तुकड्यांचं गणित करायचं आणि मग शिवण घालायची. पद्धतीचं नावच 'मॉलिक्युलर टेलरिंग'. इथेही शिवण किती उसवते, हे पूर्ण गणित झेपेल अशा रेणूंवर आधी पाहावंच लागतं.

हा विषय शिकवण्याची खरी कसोटीही इथेच आहे. आज्ञावली चालवायला विद्यार्थी चटकन शिकतो. छापून आलेल्या आठ दशांश स्थळांपैकी विश्वासाची किती, हे कळायला वर्षं जातात. म्हणून तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न असावा, 'तुमची पद्धत कुठे फसते?' ज्याला हे नेमकं सांगता येईल, त्याला पदवी खुशाल द्यावी.