बिनपगारी यजमान

मध्यरात्र उलटल्यावर कोंकणकन्या गाडी पनवेल स्थानकांत येते, तेव्हां फलाटावर पाठीला भली मोठी पिशवी अडकवलेले तरुण-तरुणी दिसतात. वाशी, नेरूळ, खारघर अशा नव्या मुंबईच्या निरनिराळ्या भागांतून ते आलेले असतात. सकाळीं थिवीं स्थानकावर उतरावयाचें आणि म्हापशावरून हणजूण किंवा वागातोर गांठावयाचें, हा त्यांचा ठरलेला मार्ग. बहुतेकजण चार दिवस मौज करून परततात. परंतु, श्रोतेहो, त्यांत अलीकडे एक निराळा वर्ग निर्माण झाला आहे. तो मौज करण्यासाठीं नव्हे, तर दुसऱ्यांच्या मौजेची व्यवस्था ठेवण्यासाठीं जातो, पंधरा दिवस महिना तेथेंच राहतो आणि या कामाबद्दल पगार घेत नाहीं. त्याला तेथें स्वयंसेवक म्हणतात.

हा शब्द ऐकून जुन्या माणसांना थोडें हसूं येणें साहजिक आहे. स्वयंसेवक म्हटला कीं त्यांच्या डोळ्यांपुढें पंढरीच्या वारींत औषधपाण्याची सोय पाहणारा तरुण उभा राहतो. हणजूणचा स्वयंसेवक काय करतो? ज्याला पार्टी हॉस्टेल म्हणतात, त्या उतारशाळेंत एकेका खोलींत सहा, आठ, क्वचित् बारा माणसें दुमजली पलंगांवर निजतात. गच्चीवर किंवा अंगणांत वाद्यें वाजतात आणि पेले भरले जातात. आलेल्या पाहुण्याची ओळखपत्रासह नोंद करणें, विदेशी पाहुणा असल्यास ती नोंद चोवीस तासांच्या आंत सरकारी कचेरीस कळविली जाते कीं नाहीं तें पाहणें, हा दिवसाचा भाग. खरें काम दिवे लागल्यावर सुरू होतें. एकमेकांचीं नांवेंही ठाऊक नसलेल्या तीसचाळीस माणसांना एकत्र बसवावयाचें, खेळ मांडावयाचे, गाणीं म्हणावयास लावावयाचीं. उघड्या जागेंतील ध्वनिक्षेपक रात्रीं दहा वाजतां बंद झाला पाहिजे, हा २००० सालच्या नियमांचा दंडक. तो पाहुण्यांच्या गळीं रुचेल अशा बेतानें उतरवावयाचा. आणि दोन वाजतां कोणी झिंगून जिन्यांत बसला असेल, तर त्याला त्याच्याच पलंगापर्यंत पोंचवावयाचें.

हें काम हलकें नव्हे. लग्नघरांत कमरेला उपरणें बांधून वावरणारा एखादा मामा असतो. कोण उपाशी राहिला, कोण रुसून कोपऱ्यांत बसला, हें त्याच्या नजरेंतून सुटत नाहीं, आणि तो स्वतः शेवटच्या पंक्तीला जेवतो. हा गुण पुस्तकांतून येत नाहीं. बावीस वर्षांचा पदवीधर, ज्यानें घरीं स्वतःचें ताटही कधीं उचललें नाहीं, तो पंधरा दिवसांत अनोळखी माणसाशीं बोलावयास शिकतो, रागावलेल्याला शांत करतो, चार भाषांत कामापुरता व्यवहार चालवितो. ही कमाई खोटी म्हणतां येणार नाहीं. फरक इतकाच कीं मामाला घरचें कार्य असतें. येथें घर मालकाचें असून कार्याचा नफाही त्याचाच.

निवाऱ्याच्या बदल्यांत श्रम ही कल्पना मात्र आजची नाहीं. जर्मनींतील रिचर्ड शिरमान या शाळामास्तरांना १९०९ सालीं विद्यार्थ्यांसह पायीं हिंडत असतां वादळांत एका शाळेचा आसरा घ्यावा लागला आणि त्या रात्रीं त्यांना तरुणांच्या वसतिगृहांची कल्पना सुचली. इंग्लंडांत १९३० सालीं ही चळवळ सुरू झाली, तेव्हां पाहुण्यानें सकाळीं झाडलोट करूनच पुढची वाट धरावी अशी रीत होती; मद्य तर बाहेरच. पुढें लंडनमध्यें नोकरी करणाऱ्या सू कॉपर्ड या बाईंनीं १९७१ सालीं शनिवार-रविवारीं शेतावर राबून त्या बदल्यांत जेवण व निवारा घेण्याचा उपक्रम काढला. आपल्याकडे तर कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांतील मुलें स्वयंपाक, झाडलोट व शेतकाम करून शिकलीं. त्यांच्या घामाचा पैसा त्यांच्याच ताटांत परत येई. पार्टी हॉस्टेलांतील घामाचा पैसा कोठें जातो, हा प्रश्न म्हणूनच विचारावा लागतो.

पाटीवर साधा हिशेब मांडून पाहावा. समजा, एका पलंगाचें भाडें रात्रीं ५०० रुपये आहे. आठवड्याचे ३५०० झाले. स्वयंसेवकानें रोज पांच तासांप्रमाणें सहा दिवस काम केलें, तर तासाला सुमारें ११७ रुपये पडले. सौदा वाईट नाहीं. पण नाताळची गर्दी उसळली आणि पांचांचे आठ तास झाले, म्हणजे तोच दर ७३ वर येतो. कारण पलंग एकच, तो कांहीं वाढत नाहीं. उलट पावसाळ्यांत निम्मे पलंग रिकामेच असले, तर मालकाला तो पलंग देण्यास खर्च जवळजवळ नसतोच. शिवाय पेडण्याचा किंवा सावंतवाडीचा जो मुलगा हेंच काम पगारावर करून घर चालविता, त्याची जागा या हौशी माणसानें अडविली, हें विसरतां येत नाहीं. विदेशी प्रवाशाच्या ई-पर्यटन परवान्यांत एक महिन्यापर्यंतच्या स्वयंसेवेस मुभा आहे, पण बदल्यांत पैसा किंवा कोणत्याही स्वरूपाचा मोबदला घेण्यास मनाई आहे. फुकटचा पलंग हा मोबदला नव्हे, असें कोणत्या तोंडानें म्हणावें?

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. हणजूणच्या शेजारीं हडफडें गांवीं ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्रीं एका नाचगाण्याच्या क्लबास आग लागली आणि २५ माणसें दगावलीं. त्यांतील बहुतेक तेथें राबणारे नोकर होते, पाहुणे थोडे. समारंभाच्या जागीं सर्वांत आंतल्या बाजूस, सर्वांत उशिरापर्यंत काम करणाराच असतो. कामावर इजा झालेल्या मजुरास भरपाई मिळावी म्हणून या देशांत १९२३ सालीं कायदा झाला, आणि नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आलेल्या सामाजिक सुरक्षेच्या संहितेंतही ती तरतूद आहे. परंतु ज्याचें नांव पगारपत्रकांत नाहीं, ज्याच्याजवळ कराराचा कागद नाहीं, त्याला आपण तेथें कामावर होतों हें सिद्ध करण्यापासूनच सुरुवात करावी लागेल. ‘स्वयंसेवक’ या गोड शब्दाची किंमत त्या दिवशीं कळते.

तरीही मुलाला किंवा मुलीला दार लावून घरीं बसवावें, असें सुचविण्याचा हेतु नाहीं. निघण्यापूर्वीं मालकाकडून एक पानी पत्र मागवून घ्यावें. कामाचे तास किती, सुटी कोणत्या वारीं, जेवण किती वेळचें, निजावयाची जागा कोठें व तिला आंतून कडी आहे कीं नाहीं, आजारपणांत डॉक्टरचें बिल कोणी द्यावयाचें, पाहुण्यांबरोबर पिणें हा कामाचा भाग समजला जातो काय, आणि इमारतीला दुसरें दार आहे काय, एवढें त्यांत असावें. गोमंतकांत एकवीस वर्षांखालील मुलांना मद्य देण्यास बंदी आहे, हेंही मुलाच्या कानावर घालावें. मालकानें पत्र देण्याची टाळाटाळ केली तर हणजुणांत हॉस्टेलांचा तोटा नाहीं. दुसऱ्याचें दार ठोठवावें.