मिरजनगरीत आपलं स्वागत असो
(रक्तकर्करोग परिषद, मिरज : स्वागताध्यक्षांचं भाषण)



स्वागत समितीच्या आणि समस्त मिरजकरांच्या वतीनं आपलं मनःपूर्वक स्वागत करतो. मी व्यापारी माणूस. रक्ताशी माझा संबंध रक्तदान शिबिरांपुरता. पण डॉक्टरांचं स्वागत करणं मिरजकराच्या अंगवळणी पडलेलं आहे. कॅनडात जन्मलेल्या डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली इथं मिशनचं रुग्णालय उभं केलं. १९६२ पासून इथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कर्नाटकातून पेशंट घेऊन येणारी माणसं आजही जंक्शनवर उतरतात.

परंतु आज मला आवर्जून आठवण काढायची आहे ती डॉ. भडभडे यांची. कुरुंदवाडच्या एका मुलाचे डोळे फटाक्याच्या दारूनं अधू झाले, म्हणून त्याला उपचारासाठी मिरजेत त्यांच्याकडे आणलं. दृष्टी पूर्ववत झाली नाही. डॉक्टरांनी मात्र त्या पोराचा गळा ओळखला आणि त्यानं गाणं शिकावं असं सुचवलं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तो शिकला. तोच पुढं १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारा विष्णु दिगंबर पलुसकर! पलुसकरांचं नाव देशभर झालं, भडभड्यांचं नाव मात्र आमच्या शाळांतल्या मुलांनाही सांगावं लागतं. याची मला मनापासून खंत वाटते.

सवड काढून तंतुवाद्यांच्या दुकानांत जरूर जा. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी इथं तंबोरे घडवले. कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवतो, छेडतो, ऐकतो, पुन्हा केसभर सरकवतो. जवारी जुळली की आवाज भरून येतो. मीरासाहेबांच्या दर्ग्याशी अब्दुल करीम खाँसाहेब विसावले आहेत, तिथंही नमस्कार करून या.

आता आपल्या विषयाकडे वळतो. एएमएल म्हणजे मज्जेत वाढणारा तीव्र रक्तकर्करोग, एवढं मी समजून घेतलं आहे. ताप हटत नाही, थकवा येतो, धाप लागते, हिरड्यांतून रक्त येतं, कातडीवर लाल ठिपके उठतात. आमच्या भागात अशा माणसाला आधी सलाईन लागतं, मग रक्तवाढीच्या गोळ्या. त्यात मोलाचे दिवस जातात. म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे : तालुक्याच्या लॅबमध्ये यंत्रानं आकडे दिले तरी संशयित पेशंटच्या रक्ताची काच कुणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली त्याच दिवशी डोळ्यांनी पाहावी. कोवळ्या ब्लास्ट पेशी, त्यांच्यातल्या ऑअर काड्या तिथंच दिसू शकतात. मज्जेची तपासणी, फ्लो सायटोमेट्री, जनुकीय चाचण्या मोठ्या केंद्रात होतीलच. एएमएलमधला एपीएल नावाचा प्रकार रक्तस्रावानं झपाट्यानं जीव घेतो, पण वेळेवर ओळखला तर एट्रा आणि आर्सेनिक या औषधांनी बहुतेक जण बरे होतात, हे ऐकून मी थक्क झालो.

नातेवाईक विचारतात, ‘आमचं काय चुकलं?’ बेंझिन, किरणोत्सर्ग, धूम्रपान, आधी घेतलेली केमोथेरपी यांनी धोका वाढतो, परंतु बहुतेकांत नेमकं कारण सापडत नाही. हे त्यांना बसवून, मराठीत सांगा. घरातल्या आईचा अपराधभाव तेवढ्यानं कमी होतो.

व्यवस्थेत उणिवा आहेत, त्यांची मला कालपासून काळजी लागून आहे. मंडपातला उकाडा, लांबलांब पडलेली निवासस्थानं, वाहनतळाची अडचण, कार्यक्रमपत्रिकेतल्या नावांच्या चुका, जेवणाच्या रांगा. या सर्वांबद्दल क्षमस्व. रात्रीच्या गाडीनं आलेल्या पाहुण्यांना चहा मिळायला उशीर झाला, त्यांची विशेष क्षमा मागतो.

मार्केट यार्डातले अडते, औषध विक्रेते, आपलं कार्यालय विनामूल्य देणारे मालक, भाकऱ्यांचा भार उचलणाऱ्या बचत गटाच्या भगिनी, स्मृतिचिन्हांसाठी छोटे तंबोरे देणारे कारागीर, पाण्याचे टँकर पाठवणारे शेतकरी, रात्रभर राबलेले विद्यार्थी आणि नाव न सांगण्याच्या अटीवर मोठी देणगी देणारे सद्गृहस्थ, सर्वांचे ऋण मी जाहीरपणे मान्य करतो.

सभागृहाबाहेर रक्तदानाची आणि प्लेटलेटदात्यांच्या नावनोंदणीची सोय केली आहे. इथून जाण्यापूर्वी प्रत्येकानं तिथं आपलं नाव नोंदवावं, ही विनंती.