दिल्लीचा फॉर्म

धारा काढून, चुलीवर कालवण ठेवून रेडिओ लावला असेल, तर आवाज थोडा वाढवा. आज आम्ही गटाच्या कर्जाची आणि एका पोरीच्या फॉर्मची गोष्ट सांगणार आहोत.

आमच्यातल्या एका ताईनं गटाकडून 40 हजार रुपये घेतले. कशाला, तर मुलीला तालुक्याच्या खाजगी इंग्रजी कॉलेजात अकरावीला घालायला. गाई दोन, शेत दीड एकर. आम्हीच म्हणालो होतो, घाल, तिथं शिकली की मोठ्या विद्यापीठात आपोआप नंबर लागेल. पोरीला दिल्ली विद्यापीठात इतिहास शिकायचा होता.

आपोआप काही लागत नाही, हे आम्हाला उशिरा कळलं. पूर्वी तिथं बारावीच्या टक्क्यांवर प्रवेश होता. 2021 साली तर काही कॉलेजांत काही विषयांची पहिली यादी 100 टक्क्यांवर लागली होती. 2022 पासून सीयूईटी नावाची परीक्षा आली. बारावी पास व्हावंच लागतं, पण यादी लागते ती या परीक्षेच्या गुणांवर. तुम्ही कुठल्या शाळेतून आलात, फी किती भरलीत, याचा एकही गुण नाही. मग खाजगी कॉलेजाचे पैसे वाया गेले का? तसंही नाही. पोरीचा इंग्रजीचा धीर वाढला, कॉम्प्युटरवर हात बसला, आणि परीक्षा कॉम्प्युटरवरच असते. पण हा सराव जिल्हा परिषदेच्या शाळेतली पोरही करू शकते. पेपर मराठीतूनही देता येतो, हे तर आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

2025 च्या मार्चमध्ये फॉर्म सुटला. कॉलेजातल्या एका माणसानं 500 रुपये घेऊन तो भरला. पोर बारावीला भूगोल शिकत होती, त्यानं समाजशास्त्र टाकलं. दिल्ली विद्यापीठाचा नियम असा, की बारावीला जो विषय शिकलात त्याचाच पेपर द्यायचा. नशीब, रात्री पोरीनं छापील कागद आईला वाचून दाखवला. आई चौथी शिकलेली, पण तिनंच विचारलं, "अगं, तुझा भूगोल कुठाय?" दुरुस्तीला दोन-तीनच दिवस मिळतात. त्यात ते नीट झालं. म्हणून म्हणतो, फॉर्म कुणीही भरो, पाठवायच्या आधी एकदा घरात मोठ्यानं वाचा.

दुसरी अडचण दाखल्याची. ताईंकडं ओबीसीचा नॉन-क्रिमीलेअर दाखला होता, पण राज्याच्या नमुन्यातला. दिल्लीला केंद्राचा नमुना लागतो, आणि तो त्या वर्षीच्या 31 मार्चनंतर काढलेला हवा. जातही केंद्राच्या यादीत असावी लागते. आपल्याकडचा एसईबीसीचा दाखला तिथं चालत नाही. एप्रिलात सेतू केंद्राच्या पाच खेपा झाल्या. एका खेपेला आम्ही तिघी बरोबर गेलो. तिघी दिसल्या की खिडकीवरचा माणूस जरा नीट बोलतो, काय करणार.

पेपर झाले. एका पेपरात 60 मिनिटांत 50 प्रश्न. बरोबर आलं तर 5 गुण, चुकलं तर 1 कापतात. अंदाजानं ठोकू नको, एवढंच आम्ही सांगू शकलो. आणि हे नीट ऐका. परीक्षेचा फॉर्म भरला म्हणजे प्रवेशाचा भरला असं नाही. दिल्ली विद्यापीठाचा वेगळा फॉर्म असतो, त्यात कॉलेज आणि विषय पसंतीच्या क्रमानं टाकायचे. पोरीच्या वर्गातल्या एकीचे गुण चांगले होते, पण तिनं हा दुसरा फॉर्म भरलाच नाही. वर्ष गेलं तिचं.

पहिल्या यादीत आमच्या पोरीचं नाव नव्हतं. दुसरीत लागलं. मुदतीच्या आत जागा स्वीकारून फी भरायची होती. गटाची तातडीची बैठक रात्री नऊला झाली. आधीचं कर्ज फिटलं नसताना पुन्हा द्यायचं का, यावर दोघी अडून बसल्या, आणि त्यांचंही चुकीचं नव्हतं. शेवटी 15 हजार दिले.

ज्यांना इथंच इंजिनिअरिंग किंवा फार्मसीला पोर घालायचीय त्यांनी ऐका. 2024 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरातल्या मुलींना शिक्षण फी माफ आहे. मात्र प्रवेश सरकारी फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको.

वसतिगृह मिळालं नाही. चार मुली एका खोलीत राहतात. मनमाडला झेलम एक्स्प्रेसमध्ये तिला बसवायला आम्ही पाच जणी गेलो होतो. ताईंनी डब्यात धपाटे आणि लसणाची चटणी दिली होती. कर्जाचे अजून अकरा हप्ते बाकी आहेत. या महिन्याचा वेळेवर आला.