‘चेडवाक धाडू काय?’
(परिचारिका दिनानिमित्त झालेल्या भाषणातून)



गेल्या महिन्यात आरोग्य शिबिरात ठाकर समाजातल्या एका आईने मला विचारले, “सिस्टर, चेडवाक नर्सिंगाक धाडू काय? रातची पाळी असता मा?” बावीस वर्षे हेच काम करूनही मला चटकन ‘हो’ म्हणता आले नाही.

मला अरुणा शानबाग आठवल्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात, तळघरात कपडे बदलताना, तिथल्याच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर हल्ला केला. त्या पुन्हा बऱ्या झाल्या नाहीत. परिचारिकांनी सुरक्षिततेसाठी संप केला. आणि १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, ४१ वर्षांहून अधिक काळ, परिचारिकांनीच त्यांना भरवले, न्हाऊ घातले. त्यांना कधी चालताना न पाहिलेल्या मुलींनीही.

मीही रात्री एकटीने भरलेला वॉर्ड सांभाळला आहे, नातेवाइकांच्या शिव्या ऐकल्या आहेत, तापाने फणफणलेले लेकरू सासूबाईंकडे ठेवून ड्युटीवर गेले आहे. तरी बाळंतीण सुखरूप सुटली की थकवा विसरते.

म्हणून त्या आईला सांगितले, “धाड, पण आम्ही तिच्या पाठीशी आहोत.” हे ‘आम्ही’ म्हणजे आपण. ए.एन.एम.ची दोन वर्षे किंवा जी.एन.एम.ची तीन, तेवढा काळ फी, पुस्तके, वसतिगृह बघू या. आणि नोकरी लागली की तिला जरूर विचारू या: रात्री सोबत कोण असते? कपडे बदलायला खोली आहे ना?