सह्याद्रीचा झुडपी बेडूक

छत्रपति संभाजीनगरच्या श्रोत्यांस बेडूक म्हणजे मृगाच्या सरीनंतर डबक्यांत डरांव करणारा, एवढेंच ठाऊक. सह्याद्रीच्या रानांतील त्याच्या एका चिमुकल्या भाऊबंदाला मात्र डबकें लागतच नाहीं. हा मुंबई झुडपी बेडूक. १९१९ सालीं अॅनंडेल यांनीं कॅसलरॉकच्या नमुन्यांवरून त्याचें वर्णन केलें. तें ठिकाण तेव्हां मुंबई इलाख्यांत होतें. २०१३ सालीं महाराष्ट्रांतील त्याच्या दुसऱ्या भावंडास पुण्याचे प्राध्यापक हेमंत घाटे यांचें नांव मिळालें.

लांबी जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर. पावसाळ्यांत रात्रीं झुडपावर बसून नर गळ्याची पिशवी फुगवितो व मादीस साद घालतो. नवल पुढेंच आहे. या कुळांतील पिलूं मासोळीसारखें पाण्यांत पोहत नाहीं. शेपटीची सारी अवस्था अंड्यांतच उरकून तयार बेडूकच बाहेर उडी घेतो. केवढी ही काटकसर! पण तिचें मोल जबर आहे. अंड्यांना तळें नको, तरी ओल सतत हवी, आणि ती राखतात झाडांची सावली व कुजणारा पालापाचोळा. रस्त्यासाठीं झुडपें तोडलीं, वणव्यांत पाचोळा जळाला, कीं पाऊस भरपूर पडूनही त्या जागीं अंडीं सुकून जातात.