शब्द हरवतात तेव्हा



आम्ही चौघेही सॉफ्टवेअरवाले, डॉक्टर एकही नाही. तरी आज अपस्मारावर बोलायचं धाडस करतोय, कारण आमच्यातल्याच एकाला हा आजार आहे. त्याच्या संमतीनेच हे सांगतो आहोत.

फिट म्हटलं की हातपाय झाडणं आणि तोंडाला फेस, हेच चित्र आपल्या डोळ्यांसमोर येतं. आमच्या मित्राचं तसं नाही. मीटिंगमध्ये बोलता बोलता तो थांबतो. आवाज ऐकू येतो, अर्थ लागत नाही. दोन मिनिटांनी भानावर येतो, तरी हातातल्या पेनला 'पेन' म्हणायला आणखी थोडा वेळ जातो. एकदा तर तो प्यायलाय असं समजून लोकांनी पोलीस बोलावले!

असं का होतं? बहुतेक माणसांत भाषेचा कारभार मेंदूच्या डाव्या भागात चालतो. त्यातलं बोलण्याचं केंद्र पॉल ब्रोका यांनी १८६१ साली, तर समजण्याचं कार्ल वेर्निके यांनी १८७४ साली दाखवून दिलं. फिटमध्ये मेंदूतल्या असंख्य पेशी एकदम बेताल विद्युत संदेश सोडतात. हे त्या केंद्रांत घडलं, की वाचा तरी थांबते किंवा समज तरी.

लहान मुलांत याचं एक दुर्मिळ रूप दिसतं, लांडाऊ-क्लेफ्नर सिंड्रोम. १९५७ साली त्याचं प्रथम वर्णन झालं. छान बोलणारं मूल शब्द ओळखेनासं होतं; कान शाबूत, पण हाकेला ओ नाही. काहींना दिसेल अशी फिट कधी येतच नाही, दोष झोपेतल्या ई.ई.जी.मध्ये सापडतो. आपल्याकडे लगेच म्हणतील, "घरात मराठी, शाळेत इंग्लिश, गोंधळलाय बिचारा." पण मंडळी, दोन भाषांमुळे आलेली भाषा जात नाही. ती गेली, तर डॉक्टरांना गाठायलाच हवं.

कुणाला फिट आली तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात काही घालू नका. कांदा, चप्पल मुळीच नको. पाच मिनिटांत थांबली नाही तर ९११. शब्द हरवले असतील तर प्रश्नांचा भडिमार करू नका, नुसते शेजारी थांबा.

जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. योग्य उपचार मिळाले तर त्यातले ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटमुक्त जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या मित्राची गोळी इन्शुरन्समधून येते. गावाकडे मात्र पैशांअभावी औषधात खंड पडतो, आणि फिट परत येते. आजचा निधी तिकडच्या रुग्णांच्या औषधांसाठी आहे. सढळ हाताने द्या.